तेल-इंजिनातील कॅम व व्हॉल्व्ह यांची झीज कशी टाळावी?

रब्बीचा हंगाम ऐन भरात असतो. गहू ओंबीवर आलेला असतो, विहिरीत पाणी असते, टाकीत डिझेल असते. आणि नेमक्या त्याच वेळी इंजिन बळ देईनासे होते. हँडल मारून मारून माणूस थकून जातो. इंजिन सुरू झालेच, तर ते काळा धूर सोडते आणि पंप नेहमीच्या निम्मेही पाणी उचलीत नाही. मिस्त्रीला बोलावणे जाते. तो झाकण उघडून पाहतो आणि सांगतो की, कॅम झिजला आहे, टॅपेटला खड्डे पडले आहेत आणि एक व्हॉल्व्ह जळाला आहे. सुटे भाग शहरातून येऊन बसविले जाईपर्यंत आठ-दहा दिवस निघून जातात व पिकाची पाण्याची पाळी चुकते. दाणा भरण्याच्या वेळी चुकलेली पाळी मागाहून दिलेल्या पाण्याने भरून निघत नाही, हे शेतकऱ्यांना सांगावयास नकोच.

असा प्रसंग आला म्हणजे दैवाला किंवा यंत्राला दोष दिला जातो. परंतु कॅमची झीज एका दिवसात होत नाही. ती शेकडो तास अगोदर सुरू झालेली असते आणि तिची खूण इंजिन वेळोवेळी देत असते. ती खूण कोणती, ती कशी ओळखावी आणि मुळात ही झीज होऊच नये म्हणून काय करावे, याची माहिती पुढे दिली आहे.

इंजिनाचे शेतीतील स्थान

महाराष्ट्रात एके काळी विहिरीचे पाणी मोटेनेच काढले जाई. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली व लोखंडी नांगरासारखी अवजारे शेतकऱ्यांच्या हाती दिली. पुढे १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. तेल-इंजिने गावोगाव पोचली आणि मोट हळूहळू मागे पडली. आज अनेक विहिरींवर विजेचे व सौर पंप आहेत. तरीही जेथे वीज पोचलेली नाही किंवा वेळेवर मिळत नाही, तेथे डिझेल इंजिनाचाच आधार असतो. ट्रॅक्टर व मळणीयंत्र चालविणारी इंजिनेही याच जातीची आहेत. त्यामुळे येथे सांगितलेल्या गोष्टी पंपाच्या एका सिलिंडरच्या इंजिनाला जशा लागू आहेत, तशाच तीन-चार सिलिंडरांच्या ट्रॅक्टरलाही लागू आहेत.

कॅम काय काम करतो?

इंजिनाच्या सिलिंडरला दोन दारे असतात. एका दाराने स्वच्छ हवा आत येते व दुसऱ्या दाराने जळलेला वायू बाहेर जातो. या दारांच्या झडपांनाच व्हॉल्व्ह म्हणतात. त्या योग्य क्षणी उघडणे व योग्य क्षणी घट्ट मिटणे, यावर इंजिनाचे सारे बळ अवलंबून असते.

व्हॉल्व्ह उघडण्याचे काम कॅमशाफ्ट करतो. हा एक पोलादी किंवा बिडाचा दांडा असून त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. त्या उंचवट्यांनाच कॅम म्हणतात. कॅमवर टॅपेट टेकलेला असतो, टॅपेटवर पुशरॉड उभा असतो आणि पुशरॉडच्या वरच्या टोकावर रॉकर असतो. कॅमचा उंचवटा वर आला की टॅपेट व पुशरॉड वर उचलले जातात, रॉकर डोलतो आणि त्याचे दुसरे टोक व्हॉल्व्हला खाली दाबून उघडते. उंचवटा निघून गेला की स्प्रिंगच्या जोराने व्हॉल्व्ह पुन्हा आपल्या बैठकीवर घट्ट बसतो.

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. मिनिटास १५०० फेरे करणाऱ्या इंजिनात कॅमशाफ्ट मिनिटाला ७५० वेळा फिरतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह तासाला ४५,००० वेळा उघडतो व मिटतो. असे इंजिन रोज ६ तास याप्रमाणे १०० दिवस चालले, तर ही संख्या २ कोटी ७० लाख इतकी होते. मिनिटास ६५० फेरे करणाऱ्या जुन्या संथ इंजिनातही व्हॉल्व्ह तासाला १९,५०० वेळा उघडतो. इतक्या वेळा एकमेकांवर घासणाऱ्या भागांच्या निगेत थोडीशी हयगय झाली, तरी तिचा परिणाम किती मोठा होईल, याची कल्पना यावरून येईल.

झीज याच ठिकाणी अधिक का होते?

बैलगाडीच्या आसाला वंगण दिल्याशिवाय शहाणा शेतकरी गाडी बाजारला नेत नाही. आसाचा व चाकाचा स्पर्श चांगला रुंद असतो. इंजिनातील बेअरिंगांचाही तसाच असतो. त्यामुळे भार मोठ्या भागावर वाटला जातो व तेलाचा थर टिकून राहतो. कॅमचे तसे नाही. कॅमचा गोलवा सपाट टॅपेटला एका बारीक रेषेवरच टेकतो आणि स्प्रिंगचा सगळा दाब त्या रेषेवर येतो. तेलाचा थर सर्वांत पातळ होतो तो येथेच. आणि तो तुटला की धातू धातूवर घासतो.

हा घासा सोसावा म्हणून कारखान्यात कॅमच्या व टॅपेटच्या पृष्ठभागाला विशेष कठीणपणा आणलेला असतो. परंतु पुष्कळ इंजिनांत हा कठीण थर वरवरचा असतो. त्याची जाडी एखाददुसऱ्या मिलिमीटरची, कधी त्याहूनही कमी असते. आतील धातू त्या मानाने मऊ असतो. कठीण थर शाबूत आहे तोपर्यंत झीज अत्यंत सावकाश होते. तो एकदा फुटला किंवा उडाला, म्हणजे आतील मऊ धातू भराभर खाल्ला जातो आणि मग कितीही चांगले तेल घातले तरी तो थर परत येत नाही. म्हणून कॅमच्या बाबतीत एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. त्याची झीज टाळता येते. झाल्यावर भरून काढता येत नाही.

झिजलेल्या कॅममुळे व्हॉल्व्ह पुरेसा उघडत नाही. हवेचा व्हॉल्व्ह कमी उघडला तर सिलिंडरला पुरेशी हवा मिळत नाही, डिझेल नीट जळत नाही आणि काळा धूर निघतो. जळलेल्या वायूचा व्हॉल्व्ह कमी उघडला तर तो वायू आत कोंडतो व इंजिन तापते. दोन्ही प्रकारांत तेवढेच पाणी काढण्यास डिझेल मात्र जास्त लागते. म्हणजे इंजिन बंद पडण्याच्या पुष्कळ आधीपासून शेतकऱ्याचे नुकसान सुरू झालेले असते.

पहिला उपाय : योग्य तेल, योग्य वेळी

कॅमचे पहिले संरक्षण म्हणजे तेल. इंजिनाच्या तेलात जस्त व स्फुरद यांपासून बनविलेले एक झीजरोधक द्रव्य मिसळलेले असते. जेथे तेलाचा थर तुटण्याच्या बेतात येतो, तेथे हे द्रव्य धातूच्या पृष्ठभागावर अतिशय पातळ असा रक्षक लेप तयार करते. तो लेप घासला जातो व पुन्हा तयार होतो. इंजिन चालेल तसतसे हे द्रव्य खर्ची पडते. म्हणूनच तेल वेळेवर बदलावे लागते.

तेल निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. डब्यावर ते डिझेल इंजिनासाठी असल्याचा स्पष्ट उल्लेख असावा. आधुनिक पेट्रोल मोटारींच्या कित्येक तेलांत, धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेला अपाय होऊ नये म्हणून, या झीजरोधक द्रव्याचे प्रमाण मर्यादित ठेवलेले असते. तसे तेल जुन्या धाटणीच्या डिझेल इंजिनाला योग्य नव्हे. गिअर ऑइल तर इंजिनात मुळीच घालू नये.

२. तेलाचा दाटपणा इंजिनाच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणेच असावा. ‘तेल जितके दाट तितके चांगले’ ही समजूत चुकीची आहे. फार दाट तेल थंडीच्या सकाळी कॅमपर्यंत लवकर पोचत नाही आणि सर्वांत जास्त झीज त्या पहिल्या काही मिनिटांतच होते.

३. सुटे, खुणेवाचून विकले जाणारे किंवा गाळून स्वच्छ केलेले जुने तेल वापरू नये. गाळण्याने कचरा निघतो, पण खर्ची पडलेले झीजरोधक द्रव्य परत येत नाही. तेलात उतरलेले आम्ल व डिझेलही गाळणीत अडकत नाही.

तेल केव्हा बदलावे, हे रंगावरून ठरवू नये. डिझेल इंजिनाचे चांगले तेल काजळी स्वतःत धरून ठेवते, म्हणून ते थोड्याच तासांत काळे होते. काळे होणे हा त्याचा दोष नसून ते आपले काम करीत असल्याचे लक्षण होय. तेल बदलण्याची वेळ चालवलेल्या तासांवरून ठरवावी. पुष्कळशा पंप-इंजिनांना १०० ते २५० तासांच्या दरम्यान तेल बदलावे लागते. आपल्या इंजिनाचा नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. तेल बदलताना इंजिन गरम असावे, म्हणजे गाळही बरोबर निघून येतो. त्याच वेळी फिल्टर बदलावा किंवा जाळी धुऊन घ्यावी.

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ प्रतीचे डिझेल मिळते व त्यात गंधक फारच थोडे असते. त्यामुळे गंधकापासून होणारे आम्ल पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाले आहे. तथापि काजळी, धूळ व पाणी ही तेल बिघडविणारी कारणे कायमच आहेत. म्हणून तेल बदलण्याची मुदत आपल्या मनाने वाढवू नये.

तेलाची पातळी रोज, इंजिन सुरू करण्यापूर्वी पट्टीने पाहावी. इंजिन समपातळीवर बसविलेले असावे. एका बाजूस कललेल्या इंजिनात पट्टी खोटी पातळी दाखविते. ज्या इंजिनात तेल उडवून वंगण दिले जाते, तेथे पातळी उतरली की वरच्या भागांना तेल पोचेनासे होते. उलट न घालताच तेल वाढलेले दिसले तर समाधान मानू नये. त्याला डिझेलचा वास येत असल्यास डिझेल गळून तेलात उतरत आहे. ते ताकासारखे पांढुरके दिसत असल्यास पाणी शिरले आहे. दोन्ही स्थितींत इंजिन चालविणे थांबवून दोष शोधावा.

दुसरा उपाय : टॅपेटची फट

इंजिन तापले म्हणजे व्हॉल्व्ह लांबतो. त्या लांबण्यास जागा असावी म्हणून रॉकर व व्हॉल्व्ह यांच्यामध्ये एक बारीक फट मुद्दाम ठेवलेली असते. मिस्त्री लोक ‘टॅपेट सेट करणे’ म्हणतात ते ही फट योग्य करण्यालाच. ही फट केसाच्या जाडीच्या दोन-चार पटींइतकीच, म्हणजे मिलिमीटरचा काही दशांश इतकी असते. प्रत्येक बनावटीच्या इंजिनाचा आकडा निराळा असतो आणि कित्येक इंजिनांत हवेच्या व धुराच्या व्हॉल्व्हचे आकडेही वेगवेगळे असतात.

फट जास्त झाली तर रॉकर व्हॉल्व्हवर टेकण्याऐवजी आपटतो. टिक्‌टिक् असा आवाज येतो आणि प्रत्येक ठोक्याचा धक्का टॅपेटमार्फत कॅमच्या कठीण थरावर बसतो. व्हॉल्व्ह उशिरा उघडतो व लवकर मिटतो.

फट कमी झाली तर आवाज येत नाही, आणि म्हणूनच ही स्थिती अधिक घातक आहे. तापल्यावर व्हॉल्व्ह बैठकीवर पूर्ण टेकत नाही. धुराच्या व्हॉल्व्हचे तोंड चालत्या इंजिनात ६०० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. त्याची बरीचशी उष्णता, तो बैठकीवर टेकलेला असताना बैठकीवाटेच बाहेर पडते. तो टेकलाच नाही, तर उष्णता जाण्याची वाट बंद होते, फटीतून तप्त वायू झोताप्रमाणे निघू लागतो आणि व्हॉल्व्हची कड जळून जाते.

पुष्कळ ठिकाणी असे आढळते की, ‘इंजिन आवाज करते’ म्हणून टॅपेट घट्ट आवळून आवाज बंद केला जातो. इंजिन शांत झाले की मालकाला समाधान वाटते. पण ती शांतता फसवी असते. थोड्याच दिवसांत व्हॉल्व्ह जळतो. आवाज बंद करणे हा हेतू नव्हे. फट पुस्तिकेतील आकड्याइतकी असणे हाच हेतू होय.

फट तपासण्याची रीत

फट तपासण्यास फिलर गेज लागतो. निरनिराळ्या जाडीच्या पोलादी पात्यांचा हा जुडगा अल्प किमतीत मिळतो. पोस्टकार्ड किंवा ब्लेडचे पाते घालून फट लावण्याची रीत सोडून द्यावी.

१. इंजिन पूर्ण थंड असावे. पुस्तिकेत गरम स्थितीतील आकडा दिला असेल, तरच गरम स्थितीत तपासावे.

२. डिझेलचा कॉक बंद करावा व इंजिन चुकून सुरू होणार नाही अशी व्यवस्था करावी. ट्रॅक्टरची बॅटरीची तार सोडवून ठेवावी. बायांच्या साडीचा पदर, धोतराचा सोगा किंवा उपरणे चक्राजवळ येऊ देऊ नये.

३. झाकण काढण्यापूर्वी त्यावरील व सभोवतालची धूळ पुसून घ्यावी. आत पडलेला एक वाळूचा कणही नुकसान करतो.

४. फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवून पिस्टन दाबाच्या स्ट्रोकच्या शेवटी, अगदी वर आणावा. अशा वेळी दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात व दोन्ही रॉकर हाताने किंचित हलतात. एक रॉकर घट्ट लागत असल्यास चक्राचा आणखी एक पूर्ण फेरा द्यावा.

५. योग्य जाडीचे पाते रॉकर व व्हॉल्व्ह यांच्यामध्ये घालावे. ते अडखळत नाही, पण सरकताना किंचित ओढ लागते, अशी फट बरोबर समजावी.

६. फट कमी-जास्त असल्यास प्रथम तिचा आकडा वहीत लिहावा. नंतर लॉकनट सैल करून स्क्रू फिरवावा, फट बरोबर करावी व लॉकनट आवळावा. नट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून पात्याने पुन्हा एकदा तपासावे.

७. सिलिंडर हेडचे नट आवळले असतील तर फट अवश्य पुन्हा तपासावी.

तिसरा उपाय : फटीची नोंदवही

वरील सहाव्या कलमात ‘प्रथम आकडा लिहावा’ असे सांगितले आहे, त्यात या लेखाचे सार आहे. वैद्य नाडी पाहतो, तशी इंजिनाची नाडी म्हणजे ही फट. पुष्कळ मिस्त्री फट बरोबर करून देतात, पण ती किती बदलली होती हे पाहून ठेवीत नाहीत. त्यामुळे इंजिनाने दिलेली खूण वाया जाते.

ही खूण वाचणे अवघड नाही. कॅम, टॅपेट, पुशरॉडची टोके किंवा रॉकर झिजले, तर फट वाढते. व्हॉल्व्ह किंवा त्याची बैठक झिजली व व्हॉल्व्ह आत रुतत गेला, तर फट कमी होते. म्हणजे फट कोणत्या दिशेने बदलते, यावरून झीज कोठे होत आहे ते कळते.

उदाहरणार्थ, समजा एका इंजिनाची फट ०.३० मिलिमीटर लावलेली आहे. पुढच्या तपासणीस ती ०.३१ व त्याच्या पुढच्या तपासणीस ०.३२ आढळली, तर ते नेहमीचे आहे. ती पुन्हा ०.३० करावी. परंतु ०.३० लावलेली फट तेवढ्याच तासांत ०.३८ आणि पुन्हा लावल्यावर ०.४५ होऊ लागली, तर कॅमच्या बाजूची झीज वेगाने होत आहे, कदाचित कठीण थर गेला आहे, असे समजावे. अशा वेळी हंगामाची वाट न पाहता मिस्त्रीकडून टॅपेट काढवून त्याचा तळ पाहावा. उलट तीच फट ०.२२ व नंतर ०.१५ आढळली, तर व्हॉल्व्ह व बैठक तपासून घ्यावी. दोन्ही प्रसंगी इंजिन चालू आहे म्हणून डोळेझाक करू नये.

नोंदवहीत तारीख, इंजिनाचे एकूण तास, प्रत्येक व्हॉल्व्हची आढळलेली फट, लावलेली फट व तेल बदलल्याची तारीख एवढेच लिहावे. तासांचे मीटर नसेल तर रोज चालविलेले तास भिंतीवरील दिनदर्शिकेवर मांडले तरी चालते.

झीज वाढविणाऱ्या इतर चुका

धूळ. मातीतील गारगोटीचा कण कडक केलेल्या पोलादापेक्षाही कठीण असतो. एअर क्लीनरमधून निसटलेली धूळ सिलिंडरमध्ये जाते, तेथून तेलात उतरते आणि तेलाबरोबर कॅमवर पोचते. मग तेच तेल कानशीप्रमाणे घासू लागते. तेल घालावयाच्या एअर क्लीनरमधील तेलाची पातळी राखावी व गाळ साचल्यावर ते बदलावे. मळणीच्या दिवसांत ही तपासणी रोज करावी. कागदी फिल्टर फाटला असेल तर तो लगेच बदलावा. तेल घालण्याचे नरसाळे व मापही झाकून ठेवावे.

इंजिन फार थंड ठेवणे. विहिरीचे थंड पाणी सरळ इंजिनातून खेळविले की इंजिन चांगले राहते, असा समज आहे. प्रत्यक्षात फार थंड इंजिनात वाफेचे पाणी होऊन ते तेलात मिसळते, गाळ धरतो व गंज चढतो. इंजिनातून बाहेर पडणारे पाणी सुमारे ६० अंश सेल्सिअस, म्हणजे हात क्षणभर धरता येईल पण फार वेळ धरवणार नाही, इतके गरम असावे. तोटीने पाण्याचा प्रवाह त्या बेताने कमी-जास्त करावा.

इंजिन उगीच संथ चालू ठेवणे. इंजिन हळू चालले म्हणजे झीज कमी, असे वाटणे साहजिक आहे. कॅमच्या बाबतीत ते खरे नाही. फार संथ गतीत तेलाचा थर पातळ राहतो, काही इंजिनांत तेलही कमी उडते आणि कॅमच्या टोकावर स्प्रिंगचा पुरा दाब येतो. म्हणून भार नसताना ट्रॅक्टर तासन्‌तास चालू ठेवू नये. सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटे मध्यम गतीने चालवून मग हळूहळू भार द्यावा. सुरू होताच एकदम पूर्ण गती देणेही तितकेच वाईट होय.

हाताने द्यावयाचे वंगण विसरणे. काही जुन्या संथ इंजिनांत रॉकरला व पुशरॉडच्या टोकांना तेल आपोआप पोचत नाही. ते तेलदाणीने द्यावे लागते. हे काम रोज सुरू करण्यापूर्वी करण्याचा नेम ठेवावा.

पावसाळ्यानंतर इंजिन सुरू करताना

पावसाळ्यात पंप-इंजिन महिनोन्‌महिने उभे असते. कॅमवरील तेल ओघळून जाते व दमट हवेने गंज चढतो. गंजलेला पृष्ठभाग कानशीसारखा खरखरीत होतो. म्हणून इंजिन ठेवून देण्यापूर्वीच तेल बदलावे. वापरलेल्या तेलातील आम्ल व पाणी चार महिने धातूवर राहू देऊ नये. धुराचे नळकांडे व हवेची वाट कापडाने झाकावी.

पुन्हा सुरू करताना झाकण काढून रॉकर, व्हॉल्व्हचे दांडे व पुशरॉडची टोके यांवर स्वच्छ तेल सोडावे. डिझेल बंद ठेवून व डीकॉम्प्रेशन लिव्हर वर करून हँडलने इंजिन पंधरा-वीस फेरे फिरवावे, म्हणजे तेल सर्वत्र पोचते. मग फट तपासून, वाटांवरील कापडे काढून इंजिन सुरू करावे. बंद खोलीत इंजिन चालवू नये. धुरातील विषारी वायूला वास नसतो व तो माणसाचा प्राण घेतो.

झीज झालीच असेल तर

टॅपेटचा तळ आरशासारखा गुळगुळीत असावा. त्यावर खड्डे, चरे किंवा खोलगट भाग दिसत असेल तर कॅमही पाहावा. ट्रॅक्टरमध्ये हवेच्या सर्व कॅमची व धुराच्या सर्व कॅमची उचल आपापसांत सारखी असावयास हवी. एखाद्याची कमी भरली तर तो झिजला आहे.

दुरुस्तीच्या वेळी पुढील दक्षता घ्यावी. नव्या कॅमवर जुना टॅपेट किंवा जुन्या कॅमवर नवा टॅपेट बसवू नये. दोघांचे पृष्ठभाग एकमेकांशी जुळून चालतात व एक खराब असेल तर तो दुसऱ्यालाही खराब करतो. झिजलेल्या धातूचा चुरा तेलात सर्वत्र पसरलेला असतो. म्हणून तेलाची टाकी, जाळी व वाटा धुऊन नवे तेल व नवा फिल्टर घालावा. कॅमशाफ्ट बसविताना दातेरी चाकांवरील खुणा जुळवून घ्याव्यात. एक दाता चुकला तरी व्हॉल्व्ह अवेळी उघडतात. नव्या कॅमला व टॅपेटला बसविण्यापूर्वी वंगण चोपडावे. पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन अगदी संथ न ठेवता मध्यम गतीने चालवावे आणि फट थोड्याच तासांनी पुन्हा तपासावी.

काढलेले जुने तेल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये. ते डब्यात साठवून जुने तेल गोळा करणाऱ्या अधिकृत व्यक्तीकडे द्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे?

प्रत्येक शेतकऱ्याजवळ फिलर गेज असणे आवश्यक नाही. गावात एक असला तरी पुष्कळ काम भागते. कार्यकर्त्यांनी सप्टेंबरअखेर, म्हणजे रब्बीच्या तोंडावर, एखाद्या शेतकऱ्याच्या विहिरीवर प्रात्यक्षिक ठेवावे. गावच्या मिस्त्रीला त्यात अगत्याने बोलवावे व फट त्याच्याच हातून तपासून घ्यावी. प्रात्यक्षिकास आलेल्या प्रत्येकाने एकदा पाते स्वतः सरकवून ‘किंचित ओढ’ म्हणजे काय, हे बोटांनी अनुभवावे. ते शब्दांनी सांगून कळत नाही. ज्यांची पुस्तिका हरवली आहे, त्यांना इंजिनाच्या पट्टीवरील बनावट व क्रमांक सांगून विक्रेत्याकडून फटीचा व तेलाचा आकडा मिळवून द्यावा आणि तो पंपघराच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवावा.

कॅम व टॅपेट झाकणाखाली असतात. दृष्टीआड सृष्टी म्हणून त्यांची आठवण बहुधा बिघाड झाल्यावरच होते. वेळेवर बदललेले तेल, पात्याने मोजलेली फट आणि वहीतील दोन ओळी, एवढ्याने ही झीज वर्षानुवर्षे दूर ठेवता येते. गव्हाला पाण्याची पाळी देण्याचा दिवस उजाडण्यापूर्वीच इंजिनाची नाडी पाहून ठेवणे, हे पिकाची निगा राखण्याइतकेच महत्त्वाचे काम होय.